अंगाला बसणारी गाडी

मोटारसायकल चालवणाऱ्याच्या चारही हातापायांना वेगवेगळं काम वाटून दिलेलं असतं. उजव्या हाताकडे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हाताकडे क्लच, डाव्या पायाकडे गियर, उजव्या पायाकडे मागचा ब्रेक. शिवाय गाडी थांबली की कुणीतरी जमिनीवर टेकायचं, आणि उजवा पाय ब्रेकवर गुंतलेला असल्याने ते कामही बहुतेक वेळा डाव्या पायावर येतं. साइड स्टँड काढणंही त्याच्याचकडे. हातपाय धड असलेल्या माणसाला ही वाटणी आयुष्यभर जाणवत नाही. अपघातात, आजारात किंवा ऑपरेशनात यातला एक अवयव गेला किंवा अधू झाला, की ती लख्ख दिसायला लागते.

आणि नेमक्या त्याच वेळी सगळीकडून एकच सल्ला येतो: साइड व्हील लावलेली स्कूटर घे. घरचे सांगतात, शोरूमवाला सांगतो, कधी डॉक्टरही सांगतात. काळजीपोटीच सांगतात. पण तुझं कोणतं काम अडलंय, हे त्यांपैकी क्वचितच कुणी विचारतं. हे पुस्तक तिथून सुरू होतं. गाडी अपंगत्वाच्या नावावरून निवडायची नसते, अडलेल्या कामावरून निवडायची असते, एवढीच याची भूमिका आहे. पुढची सगळी प्रकरणं हे एक वाक्य प्रत्यक्षात कसं आणायचं, हेच सांगतात. गाडीवर पुन्हा बसू पाहणाऱ्या माणसांनी, त्यांच्या गाड्या बदलून देणाऱ्या मेकॅनिकांनी आणि फिजिओथेरपिस्टांनी एकत्र बसून असं पुस्तक लिहावं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अपंगत्वाचा दाखला टक्के सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. सवलतीसाठी टक्के लागतात हे ठीकच. पण गाडीला टक्के कळत नाहीत. दोन माणसं घ्या. एकाचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. दुसऱ्याच्या मानेतून डाव्या हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं अपघातात तुटलंय आणि हात खांद्यापासून लुळा आहे. (ही दुखापत मोटारसायकलच्या अपघातांतच फार होते, त्यामुळे गाडीवर परतू पाहणाऱ्यांत अशी माणसं बरीच भेटतात.) दोघांनाही सांगितलं जातं, गियर नसलेली स्कूटर घ्या. पहिल्याला ती अगदी चपखल बसते, कारण स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात आणि उजव्या पायाला कामच उरत नाही. दुसऱ्याची मात्र फसगत होते. स्कूटरने त्याचा क्लच काढून घेतला खरा, पण मागचा ब्रेक नेमका त्याच्या निकामी डाव्या हातात दिला. त्याला हवी क्लच नसलेली पण पायाने ब्रेक लागणारी गाडी. नाहीतर मग दोन्ही ब्रेक उजव्या हाताच्या एका लिव्हरवर आणून घ्यायला हवेत. हे काम नीट करणाराच मेकॅनिक शोधायला लागतो आणि त्याची तपासणीही कडक व्हायला लागते.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण शोरूममध्ये ती कुणी समजावून सांगत नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे आणि १२५ पर्यंतच्यांना निदान जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, असावाच लागतो. जोडब्रेक म्हणजे एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा ब्रेक लागतो. हा लिव्हर मोटारसायकलवर उजव्या पायाखाली असतो आणि स्कूटरवर डाव्या हातात. उजव्या हाताची पकड कमजोर असलेल्या माणसाला शंभर-सव्वाशे सीसीची साधी मोटारसायकल या एका कारणासाठी सोयीची ठरू शकते, कारण पायाने पॅडल दाबलं की पुढच्या चाकालाही ब्रेक मिळतो. पाय अधू असलेल्याला तोच गुण स्कूटरवर मिळतो. ब्रोशरमध्ये दोन्हीकडे तीनच अक्षरं छापलेली असतात. ती कोणत्या अवयवाला मदत करतात हे आपणच पाहायचं.

ही वाटणी काही निसर्गनियम नाही. आपल्याच रस्त्यांवर ती वेगळी असलेल्या गाड्या धावून गेल्या आहेत. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाखाली असायचा आणि ब्रेक डाव्या. मैसूरला बनणाऱ्या जावा-येझदीला गियरचा लिव्हर दाबला की क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळे चालत्या गाडीत गियर बदलायला डावा हात लागायचाच असं नव्हतं. १९५८ च्या होंडा सुपर कबपासून क्लचचा लिव्हरच नसलेल्या पण पायाने गियर बदलायच्या गाड्यांची एक वेगळी परंपरा जगभर चालत आली. आपल्याकडची हिरो होंडा स्ट्रीट त्याच घराण्यातली, आणि २००९ मध्ये आलेली टीव्हीएस जाइव्हही त्याच विचाराची. दोन्ही चालल्या नाहीत, बंद पडल्या. डावा हात गमावलेल्या माणसासाठी त्या किती कामाच्या होत्या हे त्या बाजारात असताना कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. १९७२ ची लुना आणि १९८४ ची कायनेटिक होंडा यांचं ऋण तर मोठंच. लुना हलकी, आणि कायनेटिक होंडाला ना गियर ना किकची सक्ती, बटण दाबलं की सुरू. पोलिओने पाय अधू झालेल्या एका अख्ख्या पिढीने मागे दोन जादा चाकं लावून याच स्कूटरवर नोकऱ्या केल्या, मुलं शाळेत सोडली, संसार केले. एरवी जिन्याच्या चार पायऱ्याही जड जाणाऱ्या माणसाला तिने शहर दिलं. म्हणून साइड व्हीलला मी कधीही कमी लेखणार नाही.

पण साइड व्हील म्हणजे काय, हे परतणाऱ्या जुन्या चालकाला आधी नीट कळायला हवं. दोन चाकांवर आपण वळणात झुकतो. डावीकडे वळायला हँडल क्षणभर किंचित उजवीकडे जातं, गाडी डावीकडे कलते आणि वळते. आपण हे करतो हे आपल्याला ठाऊकही नसतं, अंगात मुरलेलं असतं. बाजूची चाकं घट्ट बसवली की गाडी झुकतच नाही. आता हँडल मोटारीसारखं सरळ वळणाच्या दिशेला फिरवायचं, आणि अंग आत जाण्याऐवजी बाहेर फेकलं जातं. ज्याने आयुष्यात कधी दुचाकी चालवली नाही तो हे चार दिवसांत शिकतो. वीस वर्षं मोटारसायकल चालवलेल्या माणसाचे हात मात्र घाईच्या क्षणी जुनंच करतात. खंबाटकी घाटातल्या वळणावर हा फरक पहिल्यांदा कळू नये, मोकळ्या मैदानात कळावा. दुसरं, आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते, त्यात खड्डे आणि गतिरोधक. बाजूची दोन चाकं उंचवट्यावर आणि मधलं खळग्यावर आलं की मागचं मूळ चाक अधांतरी फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. मागचा ब्रेकही त्याच चाकाला. म्हणून बाजूच्या चाकांना स्वतःचे शॉकअब्सॉर्बर आहेत की नुसता लोखंडी दांडा वेल्डिंग केलाय, हा किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न आहे. पुस्तकातलं साइड व्हीलचं प्रकरण याच मुद्द्यावर जास्त रेंगाळलंय आणि ते योग्यच झालंय.

मग साइड व्हील कुणाला लागतात? माझं मत असं की चालत्या गाडीवरून याचं उत्तर मिळत नाही, थांबलेल्या गाडीवरून मिळतं. वेग आला की दुचाकी स्वतःच स्वतःला सावरते. तिथे अपंग आणि धड यांत फारसा फरक उरत नाही, आणि परतणाऱ्या माणसाला पहिला आनंद होतो तो तिथेच. अवघड असतं ते सिग्नलला, पेट्रोल पंपाच्या रांगेत, उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना, पावसात गुळगुळीत झालेल्या पेव्हर ब्लॉकवर वळताना. सरळ उभी गाडी कितीही वजनाची असो, दोन बोटांनी तोलता येते. ती थोडी कलली की वजन एकदम अंगावर येतं, आणि मग ११२ किलोची स्प्लेंडर आणि १९१ किलोची मिटिऑर यांतला फरक पायाला समजतो.

म्हणून शोरूममध्ये आधी गाडी चालवून बघू नका. आधी ती बंद ठेवून तिच्यावर बसा. ज्या पायावर भरवसा आहे त्याची अख्खी टाच टेकते का ते बघा, नुसता चवडा नको. सीटची उंची कागदावर असते: ॲव्हेंजरची ७३७ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५, नव्या हिमालयनची ८२५. पण रुंद सीट पाय बाहेर ढकलते आणि उंची न वाढताही पाय तोकडा पडतो. मग गाडी दोन्ही बाजूंना थोडी थोडी कलवून परत सरळ करा. डावा पाय अधू असेल तर उजवा टेकायला शिकावं लागतं, आणि मग उजवा पाय ब्रेकवरून उचलल्यामुळे चढावर गाडी फक्त उजव्या हाताच्या ब्रेकवर थोपवायची आणि त्याच हाताने रेस द्यायची. पूर्वी न लागलेलं हे कसब आहे. ते येतं, पण शिकावं लागतं. डाव्या बाजूचा साइड स्टँड कोण काढणार, हेही तिथेच ठरवा. कितीतरी गाड्यांना स्टँडला एक सळई वेल्ड करून तो हाताने ओढायची सोय करता येते. सळई टोचणार नाही, अडकणार नाही, आणि स्टँड पूर्ण वर जाऊन बसेल, एवढं बघायचं.

माझा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, त्यामुळे गियरवर मी जरा जास्त लिहिणार आहे. रबरी पावलाला लिव्हर लागलाय हे कळत नाही. कळतं ते गुडघ्याला बसलेल्या हलक्या धक्क्यावरून, इंजिनाच्या बदललेल्या आवाजावरून आणि न्यूट्रलच्या हिरव्या दिव्यावरून. स्पोर्ट्स बाइकला पहिला गियर खाली आणि बाकीचे वर असतात, वर टाकायला लिव्हरखाली पंजा घालून उचलावा लागतो. ज्याचा घोटा हलत नाही त्याला त्यासाठी अख्खी मांडी उचलावी लागते, दर गियरला. उलट आपल्या साध्या कम्युटर गाड्यांचा पुढे-मागे दोन टोकांचा लिव्हर पंजाने दाबायचा किंवा टाचेने दाबायचा, उचलायचं कधीच नाही. भारतात हा लिव्हर चपलांच्या दुनियेत रुजला, आणि कृत्रिम पायासाठी तो वरदान ठरला. मिटिऑरसारख्या मोठ्या गाडीलाही तो मिळतो.

गियरचा लिव्हर दात्यांच्या शाफ्टवर बसवलेला असतो हे फार थोड्यांना माहीत असतं. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढायचा, लिव्हर ओढून एक दाता खाली किंवा वर सरकवायचा, परत घट्ट करायचा. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. जयपूर फूट लवचिक असतं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास ते घडवलं ते उकिडवं बसता यावं, शेतात अनवाणी चालता यावं म्हणून. त्या लवचिकपणामुळे लिव्हरवर दिलेला दाब थोडा पावलातच जिरतो. लिव्हर एक दाता खाली घेतला की पाय पुरेसा खोल जातो आणि गियर अर्धवट पडायचे थांबतात. हे मला एका गॅरेजवाल्याने शिकवलं. त्याने माझा पाय पाहिला नाही, मी चालवताना माझा गुडघा कसा हलतो ते पाहिलं.

कृत्रिम पाय बनवणाऱ्याला आपण गाडी चालवणार हे आधी सांगावं. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून. सरकारी असो की खासगी, पाय जिथे घडतो तिथे तो मुख्यतः चालण्यासाठी घडतो. चालताना गुडघा फार वाकत नाही. गाडीवर तो तासन्‌तास काटकोनात असतो आणि सॉकेटची मागची कड मांडीच्या शिरांत रुतते. ती कड किती उतरवता येईल हे ठरवायला तंत्रज्ञाला तुमच्या गाडीचा फूटरेस्ट कुठे आहे हे कळायला हवं. शक्य असेल तर गाडीच घेऊन जा. पाय गुडघ्याच्या वरपासूनच नसेल तर प्रश्न आणखी वेगळे होतात: गुडघा मोकळा राहिला तर पाऊल फूटरेस्टवरून घसरून लोंबकळतं. त्यासाठी फूटरेस्टला टाच अडेल असा खोलगट कप लावतात. पाय दोरीने किंवा पट्ट्याने करकचून बांधू मात्र नका. गाडी पडली तर तिच्यापासून सुटता आलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ती. मणक्याच्या दुखापतीत किंवा जुन्या मधुमेहात पाय असतो, थोडाफार हलतोही, पण त्याला संवेदना नसते. असा पाय सायलेन्सरला चिकटून राहिला तर भाजतोय हे माणसाला कळत नाही. घरी जाऊन पॅन्ट काढल्यावर कळतं. तीच गोष्ट सीटची. एकाच जागी दाब बसून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशा माणसाला गाडी निवडताना इंजिनाच्या आकड्यांआधी सायलेन्सर कुठून जातो, त्याला जाळी आहे का, सीटवर चांगली गादी घालता येईल का, हे बघायला लागतं. इलेक्ट्रिक स्कूटरला तापणारा सायलेन्सरच नाही, हा तिचा गुण जाहिरातीत कुणी सांगत नाही, पण या वाचकांसाठी तो मोठा आहे. दुसरा गुण रिव्हर्स. बटण दाबून गाडी हळूच मागे नेण्याची सोय आता अनेक इलेक्ट्रिक स्कूटरना असते, आणि ज्याला पायाने रेटा देऊन गाडी मागे घेता येत नाही त्याच्यासाठी पार्किंगमधली रोजची विनवणी संपते.

काही जणांनी गाडी चालवू नये, हेही या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय याचं मला समाधान आहे. पक्षाघातानंतर हातापायात ताकद परत येते, पण काहींचा मेंदू एका बाजूची दखलच घेत नाही. डावीकडून आलेली रिक्षा डोळ्यांना दिसते आणि माणसाला दिसत नाही. त्यावर कोणताही लिव्हर उपाय नाही. फीट किंवा अचानक भोवळ येणाऱ्यांचंही तेच. लायसन्सच्या पहिल्याच फॉर्मवर याबद्दल प्रश्न असतो. तिथे खोटं लिहू नका.

कायद्याचं प्रकरण पुस्तकात सविस्तर आहे, मी एकच गोष्ट सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या वाहनाची व्याख्या होती ती त्यांच्यासाठी खास बनवलेल्या वाहनाची, आणि नुसते बदल केलेलं वाहन तीत बसत नाही असं तिथे शब्दांत लिहिलेलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीत ती व्याख्या गेली आणि बदल करून घेतलेल्या वाहनालाही जागा मिळाली. बाजारातली साधी गाडी आपल्या शरीराप्रमाणे करून घेणं हा आता कायद्यातलाच मार्ग आहे. पण बदल आरसीवर नोंदवून घ्यायला हवा आणि विमा कंपनीला कळवायला हवा. गल्लीतल्या गॅरेजात गुपचूप ब्रेक हलवून घेतला आणि उद्या काही झालं, तर भरपाईच्या वेळी तीच गोष्ट आपल्यावर उलटते. एजंट म्हणेल, कशाला नोंदवता, कोण बघतंय. त्याचं ऐकू नका.

पुस्तक वाचायला घ्याल तेव्हा पहिल्या प्रकरणातला कोरा तक्ता आधी भरा. त्यात एका बाजूला गाडीची कामं आहेत आणि दुसऱ्या बाजूला तुमचे हातपाय. रेस, दोन ब्रेक, क्लच, गियर, स्टँड, टेकणं, मागे ढकलणं, हॉर्न आणि इंडिकेटरसुद्धा. प्रत्येक कामासमोर ते कोण करेल ते लिहा, आणि जिथे कुणीच उरत नाही ती जागा मोकळी सोडा. भरताना घरातलं कुणीतरी शेजारी असू द्या, विशेषतः जे गाडीला नको म्हणतायत ते. त्यांची भीती सगळ्या गाडीची असते. तक्ता पुढे आला की बोलणं एकदोन मोकळ्या चौकोनांवर येतं, आणि त्यांच्यावर उपाय शोधता येतो किंवा शोधता येत नाही हे दोघांना एकाच वेळी दिसतं. तो कागद खिशात घालून मग शोरूममध्ये जा. विक्रेता मायलेज सांगायला लागला की त्याला कागद दाखवा आणि यातली मोकळी जागा भरणारी गाडी त्याच्याकडे कोणती आहे ते विचारा.